हॉलमदला आंबा

रंदा मारला का भुसा पडतोच, तसे सुतारकामात किस्से पडतात. ते गोला करून कोण ठेवतो? पण आमच्या विचुंबे गावातलं ते लाकडी घर आठवलं का आजबी डोकं फिरतं!

न्यू पनवेल वाढत व्हतं तवाची गोष्ट. मुंबयच्या सायबानं आमच्या बारकीआजीची जमीन घेतली. घराचं काम माज्याकडं दिलं. जमिनीत मधोमध आंबा.

"तोडू?" मी इचारलं.

"खबरदार! घर झाडाभोवती बांधायचं. निसर्ग आत आला पाहिजे!"

बांधायला घेतलं. आंबा हॉलमदी! लगेच लाल मुंगले सायबाच्या पँटीत शिरले. मी बोललो, "आला बगा, आत!"

अक्षयतृतीयेला वास्तुशांत ठरलेली. ती झाली का मी सुटलो, येवढीच आस व्हती.

*

वाळवीचं औषध मारायला घेतलं, तर सायबानं ब्रश हिसकावला. "केमिकल नको. लाकडाला श्वास घेऊ द्या."

"सायेब, ते मेलंय!"

*

बेडरूमची खिडकी डोंगराकडंच पायजे. तीनदा चौकट हलवली. खिडकीत डोंगर आला तशी खालची वीटभट्टी पेटली. सगला धूर आत!

"ही भट्टी कुणाची?" सायेब खोकत खोकत.

"माज्या मेव्हण्याची."

*

छपरातनं खोड वर काडायचं व्हतं. सायेब बोलला, "चारी बाजूंनी जागा सोडा." मी कसला ऐकतोय! बोट जाणार नाय असं फिट्ट बसवलं. गावाला बोलवून दाखवलं.

वारा सुटला. आंबा हलला, त्याच्यासंगं छप्पर हललं, कौलं धडाधड खाली!

"मी काय बोललो होतो?" सायेब.

"तुमच्या झाडाला सांगा ना गप उबं रा!"

पुन्हा कौलं चढवली. या वक्ताला जागा सोडून.

*

वास्तुशांत. भटजी बसले, पाव्हणे बसले. मी घामाघूम, पण खूश. सुटलो!

तेवढ्यात दारात बारकीआजी. हातात आंबे काडायचा झेला, मागं दोन सुना टोपल्या घेऊन.

"सरका रं. आंबा उतरवायचाय."

सायेब उठला. "आजी, जमीन मी विकत घेतली!"

"जमीन इकली. आंबा कवा इकला? मी जिती हाय तवर फलं माजी."

आमच्याकडं तशीच रीत हाय. सगल्या गावाला ठावं.

सायेब माज्यावर उखडला. "मग मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुमी आजीसाठीच झाड राखलंत!"

आजी हॉलमदी आली. खोडावरनं नजर वर वर नेली. वर नुसतं छप्पर, फलं त्याच्याबी वर! मग माज्याकडं वळली.

"ही कौलं तूच चढवलीस ना रं?"

"व्हय आजी."

"मग बगतो काय? काड!"