शेवंताताईंचे जलद आणि निमआराम

दारात कुणीही उभं राहिलं, की शेवंताताई "या, बसा" म्हणायच्या आधी विचारायच्या, "कुठं?" शिरूरच्या एसटी डेपोत त्यांनी कंडक्टर म्हणून उभी हयात काढली होती. निवृत्त झाल्यावरही, माणूस समोर आला म्हणजे त्याला कुठंतरी जायचं असणार, असंच त्यांना वाटे. मी या कॉलनीत राहायला आले तेव्हा शेजारी म्हणून नळाच्या वेळा विचारायला गेले होते. त्या "कुठं?"ने मी इतकी गोंधळले, की म्हणाले, "इथंच." त्यावर त्या म्हणाल्या, "मग बसा की मॅडम, इथंच असंल तर," आणि सोफा रिकामा असूनही स्वतः थोड्या सरकल्या.

मीरा, अद्वैत, तुम्ही दोघा मुलांनी परदेशातून त्यांना फोनच्या पडद्यावरच पाहिलंत, आणि पडद्यावर त्या नेहमी फार जवळ यायच्या, म्हणून नीट सांगते. उंच, काटक, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा. आवाज इंजिनावर मात करायला कमावलेला, त्यामुळे गुपितसुद्धा तीन घरं ऐकत. एखादा विषय संपला असं त्यांना वाटलं, की टीपॉयवर बोटाने दोनदा टकटक करत. दोन घंटा म्हणजे गाडी सुटली. त्यानंतर तुम्ही कितीही मुद्दे मांडा, त्या पुढच्या थांब्यावर पोचलेल्या असत. मला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते, हे तुम्ही जाणताच. त्यांना प्रत्येक माणूस जागच्या जागी लागे.

त्यांचा भाचा मिलिंद पाटसला साखर कारखान्यात आहे. त्याने एकदा खोक्यातून सशाची दोन पिल्लं आणून दिली. दोघे भाऊ, दोघे राखाडी, मुठीएवढे. लेक सुजाता लग्न करून दौंडला गेल्यापासून आत्या एकटी असते, तिला सोबत, असा त्याचा हिशेब. "मला म्हातारीला सोबत कशाला? मी गर्दीतनं सुटलेली बाई हाय," असं म्हणत शेवंताताईंनी त्याच संध्याकाळी त्यांची नावं ठेवली. जो घरभर सुसाट धावला तो जलद. जो दोन उड्या मारून पायरीशी बसला तो निमआराम. एसटीच्या गाड्यांची नावं सशांना शोभतील असं मला वाटलं नव्हतं, पण शोभली.

काही महिने दोघे एका टोपलीत, एकमेकांच्या अंगावर झोपत. मग एका सकाळी शेवंताताईंनी मला हाक मारली. गॅलरीभर केसांचे पुंजके उडत होते. निमआरामचा डावा कान फाटला होता, आणि जलद कोपऱ्यात पाय आपटत होता. वयात आले होते दोघे. ताईंनी मध्ये पत्रा उभा केला. दुपारी पाहते तर पत्रा बाजूला आणि दोघे पुन्हा एकमेकांच्या उरावर.

"पत्रा का काढलात?" मी विचारलं.

"बघवंना."

मिलिंद कान पाहून म्हणाला, "आत्या, नर हायत ते, भांडणारच. एक मला दे. आमच्या कारखान्याच्या कॉलनीत पोरं सांभाळतील."

"तुझं तू बघ," त्या म्हणाल्या, आणि दोनदा टकटक.

तो गेल्यावर त्यांनी मला माहेरची, कासुर्डीची गोष्ट सांगितली. त्यांचे दोन भाऊ. धाकटा मिलिंदचा बाप. कशावरून बिनसलं ते शेवटी त्या दोघांनाही आठवत नव्हतं, पण अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. "भाऊबीजंला मी दोनदा ओवाळायची. हिकडं जेवायचं, भिंतीला वळसा घालून तिकडं जेवायचं. थोरला इचारायचा, त्याच्याकडं किती खाल्लंस? धाकटा इचारायचा, त्याच्याकडं गोडाचं काय हुतं? बोलायचे न्हाईत, पन माझ्या पोटाचा हिशेब दोघंबी ठिवायचे." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "दोघंबी गेले तसेच, न बोलता. मॅडम, माझ्या घरात पत्रा नको."

मीरा, तुझा फोन त्याच आठवड्यात आला. तू फाटका कान पाहिलास आणि म्हणालीस, की तुमच्याकडे असे दोन भाऊ असले की त्यांचं लहानसं ऑपरेशन करतात, मग ते भांडत नाहीत. मी ताईंना सरळ शब्दांत सांगितलं.

"म्हंजी खच्ची?" त्या म्हणाल्या. "सशाला काय कुळवाला जुंपायचाय का मॅडम?"

आम्ही दोघी बराच वेळ हसलो. हसू ओसरल्यावर त्यांनी निमआरामला मांडीवर घेतलं. "बैलाचं समजतं," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडनं काम घ्यायचं असतंय. ह्यांच्याकडनं मला काय घ्यायचंय? माझ्या जीवाला बरं वाटावं म्हणून त्यांच्या अंगाला सुरी लावायची, ह्ये बरोबर हाय का?"

मी एवढंच म्हणाले, की नाहीतर एकाला पाटसला जावं लागेल, आणि उरलेला या गॅलरीत एकटा राहील. त्यालाही कुणी विचारलेलं नसेल.

त्या निमआरामच्या कानावरून बोट फिरवत राहिल्या. "भांडण चालत्या गाडीत मिटत न्हाई," शेवटी म्हणाल्या. "गाडी हुभी करावी लागती." आणि टकटक.

शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितलं, की आमचा हात गाई-म्हशींवर बसलेला, सशाला भूल देण्याची जोखीम मी घेणार नाही. दौंडला एक डॉक्टरीणबाई कुत्री, मांजरं, ससे बघतात, तिकडे जा. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. दोघांना दोन टोपल्या, कारण आता एकीत ठेवायची सोय नव्हती. तरुण कंडक्टरने ताईंना ओळखलं.

"ताई, लगेज का?"

"प्याशिंजर हायत. पन शिटा नको, मांडीवर घेतो."

"नावं तरी सांगा."

"जलद आन् निमआराम."

"एकाच गाडीत दोन सर्व्हिस बसत न्हाईत ताई," तो म्हणाला. आख्खी गाडी हसली. ताई हसल्या नाहीत. न्हावरा गेलं, चौफुला गेला, पाटस गेलं, तरी त्या टोपल्यांवर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत होत्या. मी डब्यातलं थालीपीठ पुढे केलं, तर नको म्हणाल्या.

कारण दवाखान्यात कळलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी खाल्लं का यांनी?"

ताई अभिमानाने म्हणाल्या, "कालच्या सांजंपासून घासाची काडी दिली न्हाई. पाणीसुदिक न्हाई. माझ्या पित्ताच्या ऑपरेशनला असंच केलं हुतं."

डॉक्टरीणबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "अहो आजी, माणसाला उपाशी ठेवतात, कारण त्याला उलटी होऊ शकते. सशाला उलटी होतच नाही. त्याचं पोट सतत चालू लागतं. ते थांबलं तर ऑपरेशनपेक्षा तेच जिवावर बेतेल."

ताईंचा चेहरा एकदम उतरला. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "आन् मी? मी बी त्यांच्यासंगं जेवले न्हाई काल."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. "तुम्हाला भूल द्यायची नाहीये. तुम्हीही खा."

ऑपरेशन काही तास पुढे ढकललं. दोघांसमोर गवत आणि पाणी आलं. जलदने लगेच तोंड घातलं. निमआराम मात्र पाठ करून बसला. ताई त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या, थालीपिठाचा तुकडा मोडून त्याला दाखवला आणि म्हणाल्या, "हे बघ, मी खातीय. आता तू." त्या एक घास खात, त्याच्या तोंडाशी गवताची काडी धरत. बऱ्याच वेळाने त्याच्या ओठांची भराभर हालचाल सुरू झाली. लेंड्या पडलेल्या पाहूनच डॉक्टरीणबाईंनी दुपारी दोघांना आत नेलं.

सगळं नीट झालं. पण निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. अंगातली रग लगेच उतरत नाही, काही आठवडे दोघांना वेगळंच ठेवा, जाळीतून एकमेकांना दिसतील असं. आणि मग समोरासमोर आणाल ते अशा जागी, जी दोघांपैकी एकाचीही नाही.

"पत्रा न्हाई ना? जाळी?" ताईंनी खात्री करून घेतली. "जाळी चालंल. जाळीतनं वास तरी येतो."

आणि एकाचीही नसलेली जागा म्हणजे कोणती, तर माझी बंद गॅलरी. पांढऱ्या फरशीची, रोज पुसलेली. ताईंनी विचारलंही नाही, ते आठवडे संपल्यावर दोन टोपल्या घेऊन दारात आल्या, तेव्हा "कुठं?" मीच विचारलं.

पाच-दहा मिनिटं दोघांनी एकमेकांकडे पाहिलंच नाही. एक झाडू हुंगत होता, दुसरा कुंडी. मग जलद धावला, निमआराम पळाला, दोन-तीन फेऱ्या झाल्या. ताई उठायला लागल्या तसा मी त्यांचा हात धरला. रक्त निघालं तरच मध्ये पडा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. निमआराम थांबला. त्याने मान खाली घातली, अगदी फरशीला लावली, आणि तसाच राहिला. जलद त्याच्यासमोर उभा. ताईंनी माझा हात इतका दाबला, की बांगडी रुतली. मग जलदने पुढे होऊन तो फाटका कान चाटायला सुरुवात केली.

या वेळी ताईंची टकटकही नाही. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "चहा टाका मॅडम."

त्यानंतरची दोन वर्षं सुखाची गेली. ससे एका टोपलीत, आणि आमचा दुपारचा चहा एका टीपॉयवर. माझ्या पांढऱ्या फरशीवर राखाडी केस दिसू लागले आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं.

गेल्या हिवाळ्यात शेवंताताई गेल्या. दुपारी जरा पडल्या आणि उठल्या नाहीत. आजार नाही, त्रास नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सुजाता आणि मिलिंद मागे थांबले. घर आवरताना दोघांनी सुचवलं ते मायेनेच. एक ससा सुजाता दौंडला नेईल, एक मिलिंद पाटसला. दोघांकडेही आईची, आत्याची आठवण राहील.

मी दुसऱ्याच्या घरात बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. म्हणाले, "न्यायचे तर दोघांना एका घरी. नाहीतर इथे राहू देत माझ्याकडे."

दोघांनी टोपलीकडे पाहिलं. मग मिलिंद सुजाताला म्हणाला, "तूच ने. तुझ्याकडं दुपारी घरात माणूस असतं. मी पाटसपर्यंत टोपली धरतो, तुला एकटीला गाडीत जमायचं न्हाई."

मी त्यांना स्टँडवर सोडून आले. टोपली मिलिंदच्या मांडीवर होती.

संध्याकाळी सुजाताचा फोन आला. दोघे ससे पोचलेत, गवत खातायत, म्हणाली. पाठीमागे हातोडीचा आवाज येत होता. मी विचारलं, काय चाललंय?

"दादा हाय," ती म्हणाली. "पाटसला उतरलाच न्हाई तो. दोघांसाठी गॅलरीला बाहेरनं जाळी ठोकतोय."