काप टेओदूलोंनी उभी केलेली मुलगी

काप टेओदूलो स्वतः अंगणात आले, तेव्हा रोविलिन आईबरोबर जाळीवर मासळी वाळत घालत होती. ते गावचे कपितान, म्हणजे सरपंचासारखे; त्यावरूनच सगळे त्यांना 'काप' म्हणायचे. एरवी लोकच त्यांच्याकडे जायचे.

"इंदाय, पोरी, युवा परिषदेच्या निवडणुकीला उभी राहा. अध्यक्षपदाला."

"मी? मग जुनरेल?"

जुनरेल त्यांचा नातू. बेटावर बास्केटबॉल खेळावा तर त्यानेच. अध्यक्ष तोच होणार, असं सगळी पोरं धरून चालली होती. पण कायदा आड आला. आजोबा गावचे कपितान असताना नातवाला युवा परिषदेला उभं राहता येत नाही.

"त्याचं जमत नाही," काप म्हणाले. "तू शांत पोर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. सह्या तेवढ्या करायच्या, बाकी मी बघतो."

मासळीवरची नजर न काढता आई म्हणाली, "काप, माझी पोर गरीब दिसते खरी. आहे, असं मी कधी म्हटलं नाही हं."

काप हसले. रोविलिन उभी राहिली आणि निवडून आली. तरुण पोरापोरींनीच मतं द्यायची, मोठ्यांचा त्यात संबंध नाही. तिच्याबरोबर आणखी सात सदस्य आले.

युवा परिषदेच्या अध्यक्षाला गावच्या मोठ्या परिषदेतही जागा असते, मतही असतं. पहिल्या बैठकीला ती नवा सदरा घालून गेली, तर एका सदस्याने तिला कॉफी आणायला पिटाळलं. ती कॉफी घेऊन आली, तेव्हा कापनी एक कागद पुढे सरकवला. तरुणांच्या वाट्याच्या पैशातून बास्केटबॉलच्या मैदानाला बघणाऱ्यांसाठी बसायच्या पायऱ्या बांधायच्या आणि वर कापच्या नावाची पाटी लावायची.

"कर सही."

रोविलिनला अनाली आठवली, सहावीपर्यंत एकाच बाकावर बसणारी. पुढची शाळा समुद्रापलीकडे. मासेमारीच्या होड्या पहाटेआधीच निघून जायच्या, पोरांना सोडणार कोण? रोविलिनची मावशी पलीकडे राहायची, म्हणून तिथे भांडी घासत तिचं शिक्षण झालं. अनालीला मावशी नव्हती. ती मनिलाला घरकामाला गेली.

"काप, आधी युवासभा घ्यावी लागेल," ती म्हणाली. "पैसा कुठे घालायचा ते पोरांनी ठरवायचं. कायदा आहे तसा."

"ज्यानं जुनरेलला घरी बसवलं तोच का गं कायदा?" कॉफी मागवणाऱ्याने विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

काप मात्र हसले नाहीत. "घे सभा. येतंय कोण, बघू."

कोणीच आलं नाही. त्याच वेळी मैदानावर सामना होता. सभागृहात सात सदस्य, दोन मुली आणि बाहेर एक कोंबडी. सभा भरलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर जाऊन जुनरेलसमोर उभी राहिली.

"सामना मुद्दाम ठेवलास?"

"आजोबांनी ठेवायला सांगितला." त्याने चेंडू काखेत धरला. "पायऱ्या झाल्या तर तुझं काय बिघडतं?"

"बसून बघणार काय? तुमचा खेळ? तालुक्याच्या शाळांच्या स्पर्धेत आपलं एक तरी पोर आहे?"

"घेत नाहीत. शाळेत असावं लागतं."

"आणि तुझ्या संघातली किती पोरं शाळेत जातात?"

जुनरेल मनात मोजू लागला. कापच्या घरची होडी होती, म्हणून तो स्वतः शिकला होता. बाकीचे सकाळी जाळी ओढून संध्याकाळी खेळायला यायचे. त्यांच्यातला डावरा पोरगा तर त्याच्यापेक्षा सरस होता.

"तुला काय हवंय?" त्याने विचारलं.

"शाळेची होडी. रोज जाणारी आणि रोज परत आणणारी."

"आजोबा मला घराबाहेर काढतील."

"आमच्याकडे ये. मासळी उलटायला माणूस हवाच आहे."

पुढची सभा मैदानावरच झाली. जुनरेलने सामना मध्येच थांबवला, घामेजलेली पोरं तिथेच बसली, बघायला आलेल्या मुलीही सरकून पुढे आल्या. भांडण झालंच. कुणाला नवे सदरे हवे होते, कुणी म्हणालं, पावसाळी वाऱ्यात होडी बुडेल तेव्हा? शेवटी हात वर झाले. होडीच्या बाजूने एवढे, की मोजायची गरजच उरली नाही.

होडी पोरांच्या पैशातून झाली, पण ती चालवायला माणूस मोठ्या परिषदेने द्यायचा होता. त्यासाठीच्या बैठकीत काप लालबुंद झाले.

"मी उभी केली तुला!"

"हो, काप. आणि मतं पोरांनी दिली. दोघांचेही उपकार आहेत."

मत घेतलं. तिचा हात सर्वांत आधी वर गेला, मग एकेक करत आणखी पाच, आणि ठराव मंजूर झाला. काप कित्येक महिने तिच्याशी बोलले नाहीत.

जूनमध्ये होडी पाण्यात उतरली. काप लांब उभे होते. थोड्या वेळाने न राहवून पुढे आले आणि नावाड्यावर ओरडले, "अरे गाढवा, बाजूचा तोलाचा बांबू सैल आहे! पोरं बसणार आहेत यात!" मग स्वतःच गुडघाभर पाण्यात शिरून दोर आवळू लागले. रोविलिनने मुकाट्याने दुसरं टोक धरलं.

सगळं काही साधलं नाही. वाऱ्याच्या दिवसांत शाळा बुडते ती बुडतेच. अनालीही मनिलाहून परतली नाही. पण तिची धाकटी बहीण आता सातवीत जाते. डावरा पोरगा शाळेच्या संघात आहे.

यंदा रोविलिनचं वय उलटलं, तिला पुन्हा उभं राहता येत नाही. अध्यक्षपदाला या वेळी चार जण आहेत, त्यांत दोन मुली. एकीच्या घरी काप गेले होते म्हणे. मुलीने बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, "काप, मी अर्ज कालच भरला."

हे ऐकून रोविलिन इतकी हसली की आई जाळीमागून ओरडली, "अगं, मासळी! कावळे नेताहेत!"