सांधलेलं जाळं

मावशी भडकली की आधी गप्प होते, हे बंदरावरच्या जाळ्यांच्या शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आरडाओरडा करणारी माणसं तिला कच्ची वाटतात. सत्तावीस वर्षं ती तिथं फाटकी जाळी सांधते आहे. खडकाला घासून फाटलेली, बोटीच्या पंख्यात अडकलेली आणि निव्वळ मूर्खपणानं ओढलेली. फाटलेलं नुसतं पाहून ती सांगते कोणी हलगर्जीपणा केला ते, आणि त्याच्या तोंडावर सांगते. त्यामुळे बोटीवरचे धिप्पाड गडी तिला वचकून असतात. घरी मात्र तिला वचकणारं कोणी नाही, हीच सगळी गोम आहे.

घरी आहे तो कप्तान, म्हणजे तिचा नवरा. यानं उभ्या आयुष्यात बोट चालवलेली नाही. बंदराच्या कचेरीत कागदांवर शिक्के मारण्यात याची हयात गेली, आणि बोटीत पाय ठेवला की याला मळमळतं. पण निवृत्त झाल्यावर छोट्या बोटी बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबात यानं नाव घातलं आणि तिथं याला कप्तान म्हणायला लागले. चेष्टेनं म्हणतात, हे त्याच्या अजून डोक्यात शिरलेलं नाही.

यंदा त्यानं मासेमारी बोटीचा संच आणला. खोक्यात लाकडाच्या पट्ट्या, पितळी कड्या, काडेपेटीएवढी केबिन आणि एक जाडजूड पुस्तिका. चार महिने जेवणाचं टेबल बोटीनं बळकावलं आणि नवराबायको ओट्याशी उभ्यानं जेवली. धूळ झटकायला मावशीनं फडकं उचललं रे उचललं की आतून हुकूम सुटायचा, "हात लावू नकोस हं! नाजूक काम आहे." दिवसाला शेकड्यानं गाठी मारणाऱ्या बाईला हा नाजूक काम शिकवणार! मावशीनं ते गिळलं. असलं बरंच काही तिनं आजवर गिळलं होतं.

शेवटच्या पाकिटात जाळं निघालं. जाळं कसलं, जाळीदार कापडाचा तुकडा.

"अहो, हे जाळं आहे की बँडेज? बोटीला लागलंय का कुठं?" मावशी खो खो हसली. कप्तान दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना हळूच म्हणाला, "अगं, तुला जमेल का एवढंसं विणायला?"

जमेल का! तरीही तिनं घेतलं करायला. राग आला तरी काम पाहून तिचे हात शिवशिवतात, त्याला ती काय करणार? तुटक्या कंगव्याचा दात घासून तिनं सुई केली. प्रत्येक भोक सारखं यावं म्हणून मापाला काडेपेटीतली काडी धरली. रेशमी धाग्याचा झगझगीतपणा जावा म्हणून तो चहाच्या पाण्यात भिजवला. पाच आठवडे सुट्टीच्या दिवशी दुपारभर ती खिडकीशी बसली. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं, पण जाळं झालं. एकही गाठ वाकडी नाही.

आणि तेच तिला आवडेना. मग तिनं ब्लेड घेतलं, कोपऱ्यात नखाएवढं जाळं कापून टाकलं आणि जरा गडद धाग्यानं तेवढी जागा पुन्हा सांधली. शेडमध्ये सांधतात अगदी तशी.

कप्तानाला घाम फुटला. "हे काय केलंस? डाग दिसतोय! चांगलं झालं होतं ना?"

"न सांधलेलं जाळं दुकानात असतं. बोटीवर नसतं."

त्यानं मान डोलावली. कचेरीच्या खिडकीशी आलेल्या माणसांचं ऐकून घेताना डोलवायचा तशीच. मग जाळं बोटीवर बांधताना सांधा घडीखाली जाईल अशा बेतानं बांधलं.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. लांब टेबलांवर पांढरी कापडं, प्रत्येक बोटीपुढे बनवणाऱ्याचं कार्ड. कप्तानाच्या कार्डावर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'संपूर्ण काम स्वतःच्या हातचं. इतर कोणाची मदत: नाही.' मावशीनं ते दोनदा वाचलं आणि ती गप्प झाली.

परीक्षक म्हणून समुद्र सोडलेला एक म्हातारा मच्छीमार आला होता. रंगाकडे, पितळेकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. वाकून करंगळीनं जाळ्याची घडी उलगडली आणि तिथंच थांबला.

"हा सांधा कोणी घातला?"

"मीच," कप्तान म्हणाला. मग ओशाळून पुढे म्हणाला, "तिथं जरा चुकलंय माझं. घाईत राहून गेलं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम चोरलं ते चोरलं, वर त्यातलं सगळ्यात अवघड काम चूक म्हणून दाखवतोय! तिच्या गाठीला आजवर कोणी चूक म्हटलं नव्हतं.

"चूक नाही ती," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. "वहिनी, सुरुवात कुठून केली?"

"इथून. ज्या गाठीला चारातले तीनच दोरे उरले होते, तिथून. संपवलं तेही तसल्याच गाठीवर. ही बघा."

"बरोबर," म्हातारा म्हणाला. मग कप्तानाकडे वळला. "असा सांधा घालणारा माणूस आमच्या बोटीला जन्मात मिळाला नाही. आणि तुम्ही त्याला चूक म्हणता?"

कप्तान तिच्या कानाशी लागला. "अगं, घरी गेल्यावर बोलू."

"घरी बोलू म्हणण्यात बत्तीस वर्षं गेली," मावशी मोठ्यानं म्हणाली. "आज इथंच."

आजूबाजूची माणसं गोळा व्हायला लागली. क्लबाचा सेक्रेटरी पेन काढून धावत आला. कार्ड दुरुस्त करू या, काय लिहू सांगा, म्हणाला. कप्तानाचा जीव भांड्यात पडला.

"हो हो, लिहा ना! 'पत्नीची थोडी मदत' असं लिहा."

"थोडी मदत?"

मावशीनं पुढे काही विचारलं नाही. टेबलाशी वाकली आणि बोटीच्या कठड्याला बांधलेल्या चार गाठी एकेक करून सोडवल्या. कप्तान "अगं, अगं" करत राहिला, पण हात धरायची त्याची छाती झाली नाही. तिनं जाळ्याची नीट गुंडाळी केली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि डबी पर्समध्ये टाकली. मग सेक्रेटरीच्या हातातलं पेन घेऊन त्याच्याच खिशाला लावलं.

"काही बदलू नका," ती म्हणाली. "आता कार्डावर लिहिलंय ते खरं आहे."