किनुएसानचे दहा लोटे

आमच्या गावच्या बायकांच्या न्हाणकुंडाचं गरम पाणी डोंगरातून येतं तेच सत्तेचाळीस अंशांचं, आणि ते राखणाऱ्या किनुएसानचा पारा त्याहून दोन अंश वर. वय बहात्तर. सकाळी कुंड रिकामं करून दगड घासायचे, पुन्हा भरायचं, लांब फळीने ढवळून ढवळून पाणी सोसवेल इतपत निववायचं आणि शेवटी कोपर बुडवून बघायचं, हे त्या तीस वर्षं करताहेत. गार पाण्याचा नळ आहे, पण त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. पाण्याची चव जाते म्हणे. जसं काही आम्ही ते पितो!

मागच्या हिवाळ्यात शहरातली एक मुलगी आली ती थेट पाण्यात उतरायला निघाली. किनुएसाननी तिचा दंडच धरला.

"आधी अंगावर दहा लोटे! पायांपासून सुरुवात, मग पोट, मग खांदे. बिअर पिऊन आलीस?"

"एकच..."

"मग एक तास बाहेर बस, पाणी पी. आणि आत पाच मिनिटं झाली की काठावर यायचं. उठायचं सावकाश. चक्कर येऊन आडवी झालीस तर उचलायचं मलाच आहे."

ती मुलगी रडवेली झाली होती. यंदा ती आईला घेऊन परत आली आणि आईला दहा लोटे मोजून घालत होती.

अशा या बाईंची पाठ आठ महिने कुणी घासली नव्हती. आमच्याकडे शेजारणी एकमेकींची पाठ घासतात. किनुएसान आणि त्यांची शेजारीण हारुयोसान पाच वर्षांच्या असल्यापासून रोज दुपारी तीनला एकमेकींची घासत आल्या. वसंतात हारुयोसानचं ऑपरेशन झालं, डावा स्तन काढावा लागला. जखम भरली, डॉक्टरांनी कुंडात जायला परवानगी दिली, तरी त्या येईनात. घरच्या टबात एकट्याच बसायच्या. मी एकदा माझं टोफूचं दुकान लवकर बंद करून किनुएसानच्या पाठीला पंचा लावायला गेले, तर म्हणाल्या, "ठेव तो. तू टोफू कर." मला वाईट वाटलं, पण त्यांच्यासाठी जास्त.

किनुएसान रोज लोणच्याचा डबा घेऊन मैत्रिणीकडे जायच्या आणि रोज तेच भांडण व्हायचं.

"सगळ्या बघतील गं," हारुयोसान म्हणायच्या.

"कुणी बघणार नाही. माझा शब्द."

शेवटी एका बर्फाच्या दुपारी त्या यायला तयार झाल्या. किनुएसाननी आम्हा सहाजणींना आधीच दम भरला, "जिची मान दाराकडे वळेल, तिला उद्यापासून कुंड बंद."

झालं! तीन वाजता आम्ही सगळ्या पाण्यात भिंतीकडे तोंड करून बसलो. किनुएसानसुद्धा. दार सरकलं. आत येणारी नमस्कार करते आणि सगळ्या ओ देतात, ही आमची पिढ्यान् पिढ्यांची रीत.

"येऊ का?" हारुयोसानचा आवाज आला.

भीतीने एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. सहा पाठी नि सातवी किनुएसानची, सगळ्या भिंतीकडे. आता ही परत जाणार, असं मला वाटलं. मग ओल्या फरशीवर घाईघाईने पावलं वाजली. कधी एकदा पाण्याखाली लपते, असं झालं असणार त्यांना. पण लोट्याचा आवाज नाही. एकही नाही.

किनुएसान गर्रकन वळल्या.

"ए हारुयो! दहा लोटे कोण घालणार, तुझी सासू? आठ महिन्यांनी येतेस आणि थेट उकळत्यात पाय? भोवळ येऊन पडशील ना, गाढवे!"

आम्हीही दचकून वळलो. सगळ्यांनी बघितलं. डाव्या बाजूला आडवा, गुलाबी वण होता. आणि एक पाय हवेत.

"तू म्हणालीस, कुणी बघणार नाही," हारुयोसान म्हणाल्या.

"बघितलं," किनुएसान म्हणाल्या. "बस खाली. लोटा घे."

हारुयोसान आमच्या ओशाळलेल्या चेहऱ्यांकडे बघत राहिल्या. "आणि तुम्ही सगळ्या भिंतीवर काय बघत होतात? पाल होती का?"

मी आधी हसले, मग सगळ्याच. हारुयोसान तर इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं. किनुएसान बाहेर आल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या पायांवर पाणी घालू लागल्या, मोठ्याने मोजत. दहावा लोटा झाल्यावर हारुयोसाननी त्यांना खांद्याला धरून वळवलं.

"शी! ही काय पाठ आहे? कोण घासत होतं?"

"कुणी नाही," किनुएसान म्हणाल्या.

हारुयोसाननी पंचा पिळला आणि घासायला घेतलं. कुंडात उतरायला दोघींना अर्धा तास लागला.