संकरित भात आणि न दिलेले कारण

डॉ. हमीदा सोलकर यांची आणि माझी पहिली भेट वेंगुर्ल्यातील एका बैठकीत, मतभेदाने झाली. दोन जातींच्या संकरातून येणारी पहिली पिढी आईबापांहून जोमदार निघते. या गुणाला संकरओज म्हणतात. आमचे संकरित भात आईबापांच्या सरासरीपेक्षा किती सरस आहे, हे मी आकड्यांनिशी मांडत होतो. डॉ. सोलकर यांनी विचारले, “सरासरी कुठल्या शेतात लावतात? शेतकरी आज जी जात लावतो, तिच्याशी तुलना करा.” तशी तुलना केली. भात सरसच ठरले, पण माझा दावा बराच आखडला. पुढे त्याच आमच्या भात प्रकल्पाच्या प्रमुख झाल्या.

त्यांच्या संशोधनाची सूची या गौरवग्रंथात अन्यत्र आहे. मी एका प्रसंगापुरते लिहितो.

वैभववाडीजवळच्या एका गावात शेवंती गावडे या शेतकरी बाईंनी ते भात लावले. पीक उत्तम आले. घरच्या रीतीप्रमाणे त्यांनी निवडक लोंब्यांचे बियाणे पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवले आणि पुढच्या पेरणीला तीन शेजाऱ्यांनाही दिले. गावात बियाण्याबाबत त्यांचा शब्द मानला जाई. संकराची दुसरी पिढी मात्र एकसारखी येत नाही. चारही घरांची शेते विस्कटली. काही रोपे कापणीला आली, काही अजून फुलोऱ्यातच होती. शेजारीण म्हणाली, “शेवंते गो, तुझ्या शेतात शाळा भरली आसा काय? एक उंच, एक बुटको.” यापुढे शेवंतीबाईंच्या हातचे बियाणे कोणी घेईल, असे दिसत नव्हते.

‘दरवर्षी नवीन बियाणे घ्यावे’ हे वाक्य आमच्या पत्रकात होते. ते मीच लिहिले होते. सूचना दिलेली असल्याने दोष आमचा नाही, असा युक्तिवाद मी केला. डॉ. सोलकर म्हणाल्या, “सूचना दिली. कारण कुठे दिलंय?”

आम्ही गावात गेलो. शेवंतीबाई शांतपणे म्हणाल्या, “कागदार लिवलेला वाचलंय मी. माका वाटला, ह्या दुकानदाराचा बोलणा. आमच्या घरात बियाणा विकत कधी येवक नाय.”

डॉ. सोलकर यांनी त्या तिन्ही शेजाऱ्यांसमोर सांगितले, “चूक शेवंतीबाईंची नाही. माझी आहे.” मग आईबाप, पहिली पिढी आणि दुसरी पिढी असा सगळा हिशेब त्यांनी भाताच्या लोंब्या जमिनीवर मांडून समजावला.

“म्हणजे आवस-बापूस सांभाळूचे, झिलाचा बी धरूचा नाय,” शेवंतीबाई म्हणाल्या. झील म्हणजे मुलगा, इथे संकराची पहिली पिढी. “ह्या आदी सांगूक काय झाला होता?”

पुढच्या हंगामात डॉ. सोलकर यांनी संकरित बियाणे तयार करण्याचे काम शेवंतीबाईंच्याच शेतात सुरू केले. फुलोऱ्यात पराग पसरावा म्हणून दोघी दोरीची दोन टोके धरून, पिकावरून ती ओढत, समोरासमोरच्या बांधांवरून चालत. तिन्ही शेजारी ते रोज पाहत. त्यानंतरच्या पेरणीला त्यांनी बियाणे शेवंतीबाईंकडूनच नेले.

आज पंचाहत्तराव्या वर्षीही डॉ. सोलकर त्या बांधावर जातात. त्या चुकीतील माझा वाटा मात्र त्यांनी अद्याप मला दिलेला नाही. विषय काढला की “पत्रकाला मंजुरी माझी होती,” एवढेच म्हणतात. हा युक्तिवाद सदोष आहे. तो खोडून काढायला मला बराच अवधी लागणार. तितके दीर्घ आणि निरामय आयुष्य त्यांना लाभो.