तिचा टाका ओढतो

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो गेला. मुलीला नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना देवालासुद्धा नाही – त्याला माहीत असेल तर असो, माझ्या तोंडून त्याने ऐकलेलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. सरळ लिहायचा विचार आहे, पण हात आडवळणाने जातो, त्याला काय करू?

आधी मशीनचं सांगते. ते सोपं आहे.

आमच्या वाडीतल्या आम्ही सात-आठ बायका गोधड्या शिवतो. आता मालवणला पर्यटक येतात, त्यांना त्या लागतात. शिवणं सगळ्या करतात. कापणं मी एकटी करते, पहिल्यापासून. गेल्या वर्षी वैशाली – माझ्या धाकट्या जावेची, शालनची सून – कुडाळच्या प्रदर्शनातून एका मशीनची बातमी घेऊन आली. उसाचा रस काढायचा चरक असतो ना, तशातलं. दोन रूळ आणि एक दांडा. खाली साचा ठेवायचा, त्यात पाती बसवलेली. वर कापडाचे सहा-आठ थर ठेवायचे, दांडा फिरवायचा. पलीकडून तुकडे बाहेर पडतात – चौकोन म्हणशील तर चौकोन, त्रिकोण म्हणशील तर त्रिकोण. सगळे एकसारखे. एका सुताचा फरक नाही.

"मोठी आई," वैशाली मला म्हणाली, "तुझे डोळे आता बरे नाय. आमी कापताव म्हटलां तर तू पत्रो कोणाच्या हातात देणंस नाय. मग मशीन घेवया."

तिचं बरोबर होतं. पत्रा मी कुणाच्या हातात देत नाही. का देत नाही, ते सांगायला तर बसले आहे.

पत्रा म्हणजे खोबरेलच्या डब्याचा कापलेला चौकोन. माझ्या नवऱ्याने कापून, कडा दगडावर घासून दिला होता. कापडावर पत्रा ठेवायचा, साबणाच्या कपचीने भोवती रेघ मारायची, रेघेवर कातर चालवायची. त्या वेळी आमचं गोधड्यांचं काम नवं नवं होतं. वैशाली लग्न होऊन यायची होती. शालन तरुण होती आणि तिचा हात असा चालायचा, की बघत राहावं. बारीक, सारखा टाका, तांदूळ ओळीने मांडल्यासारखा. सावंतवाडीच्या एका शिवणवर्गाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी तिचं काम उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, हिला आमच्याकडे शिकवायला पाठवा. मला कुणी काही म्हटलं नाही. मी कापणारी. कापणाऱ्याकडे कोण बघतं?

मत्सर होता का? होता. पण पुढचं त्याने झालं नाही. त्याने झालं असतं तर निदान काहीतरी म्हणता आलं असतं. पुढचं झालं आळसाने, आणि मग भीतीने.

गोव्याच्या एका हॉटेलवाल्या बाईचं मोठं काम आलं. बारा गोधड्या, सगळ्या चौकोनी तुकड्यांच्या, सगळ्या एका मापाच्या. मी कापायला बसले. पत्रा कापडावरून सरकतो. एका हाताने दाबून धरावा लागतो, कड बोटाला लागते. दोन दिवसांत माझं बोट चिरलं. मग मी काय केलं – पत्रा बाजूला ठेवला आणि कापलेला तुकडाच कापडावर ठेवून त्याच्याभोवती रेघ मारली. कापडावर कापड चिकटून बसतं, सरकत नाही. काम भराभर झालं. तो तुकडा कापला की तोच पुढच्यावर ठेवायचा. तो कापला की तो पुढच्यावर.

तुम्ही शिवत असाल तर तुम्हाला कळलंच असेल. रेघ नेहमी कडेच्या बाहेर पडते. एका तुकड्यात ती केसाएवढी. पण प्रत्येक तुकडा मागच्यापेक्षा केसाने मोठा, असं करत करत शेवटचा तुकडा पहिल्यापेक्षा बोटाच्या पेरभर मोठा झाला होता. असे लहानमोठे तुकडे एकमेकांना जोडले की गोधडी फुगते. मला कळलं नाही का? खरं सांगायचं तर – मधेच एकदा वाटलं होतं, की चळत खालून वर रुंद होत चालली आहे. मी ती हाताने थापटून सरळ केली आणि कापत राहिले.

गोधड्या झाल्या. हॉटेलवाल्या बाईने पहिली जमिनीवर पसरली, तर ती बसेना. मधे पोट आलेलं, कडा वर. भाजलेल्या पापडासारखी. दुसरी तशीच. तिसरी तशीच. बाईने गोधड्या तिथेच टाकल्या. गाडीत बसली आणि गेली.

आम्ही सगळ्या त्या गोधड्यांभोवती उभ्या. चूक कुणाची? कापणारी एकच आणि शिवणाऱ्या सहा. सरळ हिशेब होता. पण त्या तीन गोधड्या शालनने शिवलेल्या होत्या. कुणी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं –

"टाको ओढता शालनचो."

म्हणजे तिचा टाका कापड आवळतो, म्हणून पोट येतं. एवढंच. मी थोरली. मी पहिल्यापासूनची. सगळ्यांनी मान हलवली. त्या तीन तिच्या, मग बाकीच्या नऊ कुणी पसरून बघितल्याच नाहीत. त्यांना पण पोट होतं. मला माहीत आहे, कारण त्या उसवायचं काम मी अंगावर घेतलं, एकटीने. उसवता उसवता पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा काढून पत्र्यावर ठेवले. मग ते दोन्ही चुलीत घातले.

म्हणजे मला त्या दिवसापासून माहीत आहे. समजुतीची चूक होती, असं म्हणायला जागा नाही.

शालन भांडली असती तर? मी ओरडून तिला गप्प केलं असतं, एवढंच. पण ती भांडली नाही. तिने विश्वास ठेवला. आपल्या हाताकडे बघून म्हणाली, "असात गो. हात जड आसा माझो." सावंतवाडीचं राहिलं, आमच्यात शिवायला बसणंही तिने सोडलं. शिकवायला जायचं तर हात चांगला हवा ना? ती काजूच्या कारखान्यात लागली. तिथे बी फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी जळते. बायका राख लावून बसतात, तरी जळते. बारा-तेरा वर्षं तिने बी फोडली. आता तिच्या बोटांची टोकं चिंचोक्यासारखी आहेत, काळी आणि गुळगुळीत. सुई धरली की निसटते.

तिथेच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. वैशालीला मुलगा झाला. आमच्याकडे पोराची पहिली गोधडी बापाच्या आईने शिवायची, आपल्या अंगावरच्या जुन्या लुगड्यांची. पोर आजीच्या वासात निजतं. शालन आपली तीन लुगडी घडी घालून माझ्याकडे घेऊन आली.

"वयनी, तू शीव गो. माझो टाको ओढता. पोराक टोचात."

तेव्हा सांगायचं नाही का मी? आम्ही दोघीच होतो. दार उघडं होतं, अंगणात कोंबड्या होत्या, दुसरं कुणी नव्हतं. मी लुगडी घेतली. पत्रा ठेवून एकेक तुकडा नीट कापला. शिवली. बारशाला सगळ्यांनी म्हटलं, काय सुरेख बसली आहे. मी "हं" म्हटलं.

आता परत मशीनकडे येते.

प्रदर्शनात त्या माणसाने वैशालीला एक जुनी साडी मशीनवर कापून दाखवली होती. ते तुकडे तिने घरी आणले आणि सासूच्या मागे लागली, की शीव. शालन नको नको म्हणाली. मग दुपारची सगळी आडवी झाली की पडवीत बसून, जाड सुई घेऊन शिवायची. महिना लागला. एके दिवशी मला हाक मारली. गेले. गोधडी पडवीत पसरलेली होती. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती पाण्यासारखी बसली होती. मी वाकून हात फिरवला. डोळ्यांचा भरवसा नाही, पण हाताचा आहे. कुठे पोट नाही, कुठे चुणी नाही. जळलेल्या बोटांनी घातलेला टाका आणि तरी –

"बग गो वयनी, कशी बसली!" शालन हसत होती. "मशिनीन कापलेली म्हणान. मशीन टाको पण सरळ करता काय गो?"

तिला तेव्हाही कळलं नाही. श्रेय तिने मशीनला दिलं. पण वैशाली शहाणी आहे. ती गोधडीकडे बघत होती आणि मग माझ्याकडे बघत होती. शिवणारी तीच, बोटं आधीपेक्षा वाईट. बदललं काय? कापणं.

आठवड्याने बैठक झाली, शाळेच्या व्हरांड्यात. मशीन घ्यायचं की नाही. बायका थट्टेत होत्या.

"मशीन इलां तर मोठी आई काय करतली गो?"

"मशिनीक तेल घालतली!"

"तुझ्या जिभेक घालतंय आधी," मी म्हटलं. सगळ्या हसल्या.

मग वैशालीने मला विचारलं. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी हो म्हटलं असतं तर मशीन आलं असतं. शालन आमच्यात येऊन बसली असती, रोज गोधडी शिवली असती आणि रोज ती सपाट बसली असती. मग पूर्वी पोट कशाने आलं होतं, हे किती दिवस कुणी विचारलं नसतं?

मी म्हटलं, "यंत्राला हात नसतो. गोधडीला हात लागतो."

असलं वाक्य माझ्या तोंडून येत नाही. पण आलं. सगळ्यांना फार आवडलं. मशीन नको ठरलं. एकीने ते वाक्य लिहून घेतलं. आता ते छापून आमच्या प्रत्येक गोधडीला चिठ्ठी म्हणून बांधतात. पर्यटक तिचा फोटो काढतात.

शालन तिथेच होती, मागे. गटात नाही म्हणून हात वर करायचा प्रश्न नव्हता. दाखवायला म्हणून तिने ती गोधडी आणली होती, पिशवीत. पिशवी तिने उघडली नाही. घरी येताना पाखाडीच्या, म्हणजे उतारावरच्या दगडी वाटेच्या पायऱ्या उतरायच्या होत्या. मला नीट दिसत नाही, म्हणून तिने माझा हात धरला. उतरता उतरता म्हणाली, "मशीन इलां असतां तर मिया पण बसलंय असतंय गो तुमच्यात. शिवाक."

मी म्हटलं, "पायाखाली बघ."

पहिली गोष्ट केली तेव्हा मी घाबरले होते. ही दुसरी केली तेव्हा मला कसली भीती होती? या वयात माझं कोण काय करणार होतं? तरी केली. म्हणून दुसरी मोठी.

पुढच्या बैठकीत वैशाली मशीनचं पुन्हा काढणार आहे. ही वही मी तिच्या हातात देणार, आणि पत्रा. तिने हे सगळ्यांसमोर वाचावं. माझं अक्षर वाईट आहे, पण तिला लागतं. शालनला बोलावून पुढे बसवा. मीही तिथेच असेन.

शालनचा टाका ओढत नव्हता. एकदाही नाही.