एक की सात

लोक मोबाइलवरच फोटो काढायला लागले आणि बाईंच्या पासपोर्ट फोटोंच्या स्टुडिओतलं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा जुन्या नाण्यांचं दुकान चालवणाऱ्या धाकट्या दिराने विचारलं, "वहिनी, माझ्या नाण्यांचे फोटो काढाल का?"

"काढते की," बाई म्हणाल्या. "नाणी निदान 'मी जाड दिसते' म्हणून कुरकुरणार नाहीत."

पण नाण्यांनी नाकी नऊ आणले. चांदी नुसती चमकायची, तांबं काळं ठिक्कर यायचं. महिनाभर दिवा वर-खाली करून, त्याच्यापुढे बटर पेपर धरून पाहिल्यावर कुठे नाण्यावरच्या राजाला धड नाक आलं. नाणं कडेनेच धरायचं, हे तर इतकं अंगवळणी पडलं की घरी बिस्किटसुद्धा त्या दोन बोटांत कडेने धरायच्या. नवरा म्हणायचा, "खा गं, लिलाव नाही करायचा त्याचा."

एके दुपारी बाई दिराच्या दुकानात फोटो काढत असताना एक निवृत्त बसड्रायव्हर तिथे आले. आईच्या शिवणाच्या डब्यात त्यांना चांदीचं एक गुळगुळीत नाणं सापडलं होतं. ते रुमालाने खसाखसा पुसायला लागले, तशा बाई ओरडल्याच, "काका, पुसू नका! आहे तेही जाईल."

दिराने भिंगातून पाहिलं, वजन केलं. "सालाचा शेवटचा इंग्रजी आकडा एक दिसतोय. ही ढिगाने मिळतात. त्यात हे झिजलेलं. चांदीचे काय ते पैसे येतील."

काकांचा चेहरा पडला. बाईंना राहवेना. "एक फोटो काढू द्या, भावोजी."

त्यांनी दिवा पार टेबलाला टेकवला. तिरपा उजेड नाण्यावरून सरपटत गेला आणि पुसट आकड्याच्या डोक्यावर एक बारीक आडवी रेघ उभी राहिली. बाईंनी दिवा दुसऱ्या बाजूला ठेवून पुन्हा फोटो काढला. रेघ होतीच.

"भावोजी, हा एक नाही. सात आहे."

दीर कॅमेऱ्याच्या पडद्याला नाक लावून बघत राहिला. मग त्याने जुन्या नाण्यांची जाडजूड सूची काढली, पानं उलटली आणि खुर्चीत बसला. "सातची फार थोडी पाडली होती. काका, माझी चूक झाली." त्याने आधीच्या वीसपट भाव सांगितला.

काकांनी नाणं दोन बोटांत कडेने उचललं. "भाव ऐकून बरं वाटलं. पण नाणं राहू दे माझ्याकडेच. आईने उगाच नव्हतं ठेवलं. फोटो मात्र द्या, चांगला ताटाएवढा."

दीर हिरमुसला, पण तासाभरानेच त्याने झिजलेल्या नाण्यांची अख्खी पेटी उचलून बाईंच्या टेबलावर आणून ठेवली. "वहिनी, यापुढे आधी तुमचा फोटो, मग माझा भाव."

बाईंनी पेटीत डोकावून पाहिलं. दोन वर्षांचं काम होतं. "भावोजी," त्या खुशीत म्हणाल्या, "मग आधी बसायला गादीची खुर्ची आणा."

खुर्ची दुसऱ्याच दिवशी आली.